लिनक्सवर डायल-अप मॉडेम चालवायचाय, ड्रायव्हर कुठला आणि कसा टाकायचा?

पुस्तकपाखरू | शनिवार, ७ जून २००८, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला एका चाकरमान्याने मुंबईहून कॉम्प्युटर पाठवलाय, पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, आत पीसीआय स्लॉटमध्ये मॉडेमचं कार्ड. विंडोजचं लायसन नव्हतं आणि चोरीची सीडी वाचनालयात नको असं कमिटीचं म्हणणं, मलाही ते पटलं, म्हणून पोस्टाने फुकट मिळते ती उबुंटू ८.०४ ची सीडी मागवून टाकली. मराठी छान दिसतं, टाईपही होतं, ओपनऑफिसमध्ये पुस्तकांची यादी चढवायला घेतलीये. अडलंय ते फक्त इंटरनेटचं. ब्रॉडबँड गावात यायला वेळ आहे, लँडलाईन आहे, त्यावर डायल-अपचं कनेक्शन घेतलं, पण उबुंटूला मॉडेम दिसतच नाही. सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ ही मॉडेम शोधणारी कमांड चालवली की 'सॉरी, नो मॉडेम वॉज डिटेक्टेड' एवढंच येतं. दहावीचा निकाल लागायच्या आत चालू झालं तर पोरांची कुडाळची खेप वाचेल. मी कुडाळच्या सायबरमधून लिहितोय, दर शनिवारी येतो, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.

टक्स_सातारकर | ७ जून, दुपारी १२:३८

आधी ड्रायव्हर शोधू नका, आधी चिप ओळखा. कार्डाच्या खोक्यावर काय नाव आहे त्याला काही अर्थ नाही, एकाच खोक्यात वेगवेगळ्या चिपा भरून विकलेल्या मी बघितल्यात. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएन असं टाका. एक यादी येईल, त्यात 'कम्युनिकेशन कंट्रोलर' किंवा 'मॉडेम' असं लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्या शेवटी चौकोनी कंसात चार-चार अक्षरांची जोडी असते ती जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या. एक आकडा चुकला तरी सगळं वेगळ्याच दिशेला जातं.

मॉडेम दिसत का नाही तेही सांगतो. मॉडेममध्ये मुळात दोन कामं असतात, एक म्हणजे एटी कमांडा (कॉम्प्युटर मॉडेमला देतो त्या सूचना) समजून घेणं आणि दुसरं म्हणजे फोन लाईनवरच्या आवाजाचे आकडे करणं आणि आकड्यांचा आवाज करणं. खऱ्या मॉडेममध्ये या दोन्हीसाठी कार्डावर चिप असते, तो सिरियल पोर्टसारखा दिसतो आणि त्याला लिनक्सवर ड्रायव्हर लागतच नाही म्हटलं तरी चालेल. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त करायच्या नादात कंपन्यांनी यातलं एक किंवा दोन्ही कामं कार्डावरून काढली आणि विंडोजच्या ड्रायव्हरवर, म्हणजे पर्यायाने सीपीयूवर टाकली. म्हणून त्यांना विनमॉडेम म्हणतात. ड्रायव्हर नसेल तर ते कार्ड म्हणजे नुसती फोनची पिन आणि थोडी वायर, डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला बिचाऱ्याला त्यात मॉडेम दिसणार कुठून.

निवांत_पाटील | ७ जून, दुपारी २:०५

माझं ऐकाल तर सेकंडहँड एक्सटर्नल मॉडेम बघा, सिरियल केबलचा, स्वतःचा अडॅप्टर असलेला. यूएस रोबोटिक्स, डी-लिंक कुठलाही. कॉम-१ ला लावला की लिनक्समध्ये तो टीटीवायएस० म्हणून येतो आणि बाकी काही करावं लागत नाही. फक्त यूएसबीचा घेताना दहादा विचारा, त्यातले बरेच आतून विनमॉडेमच असतात. सिरियलवाला डोळे मिटून घ्या.

पुस्तकपाखरू | शनिवार, १४ जून, सकाळी ११:२०

निवांतराव, वाचनालयाचं बजेट बघता आहे त्या कार्डावर आधी प्रयत्न करावा लागेल. सातारकर, तुम्ही म्हणालात तसं उतरवून आणलंय: 'एगेरे सिस्टिम्स विनमॉडेम ५६के' आणि कंसात ११सी१:०४४८. यादी पूर्ण वाचली, मॉडेमची दुसरी ओळ नाही. आता?

टक्स_सातारकर | १४ जून, सकाळी ११:४१

नशीब चांगलं आहे तुमचं! ११सी१ म्हणजे ल्यूसेंट, पुढे ज्याचं एगेरे झालं, आणि ०४४८ म्हणजे त्यांची जुनी मार्स चिप. या कार्डावर डीएसपी (आवाजाचे आकडे करणारी चिप) आहे, कंट्रोलर (एटी कमांडा समजणारी चिप) तेवढा नाही, म्हणजे अर्धं काम कार्डच करतं. याला 'मार्शियन' नावाचा ड्रायव्हर चालतो, मार्सवरूनच नाव पडलंय. याच कंपनीची ०४८सी असती तर मार्शियनचा उपयोग शून्य, कारण ती पूर्ण सॉफ्टवेअरवर चालणारी आहे, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो. दोन्हीचं नाव एलएसपीसीआयमध्ये एगेरेच दिसतं आणि लोक चुकीचा ड्रायव्हर घेऊन आठवडाभर झगडतात, म्हणून मी आकड्यांसाठी एवढा मागे लागलो.

मार्शियन-फुल नावाचं पॅकेज पेन ड्राईव्हवर घ्या, तुमच्या कर्नलशी (लिनक्सचा गाभा, तुमचा २.६.२४) जुळणारं ताज्यातलं ताजं. पण घरी गेल्यावर ते पेन ड्राईव्हवरच उघडू नका, आधी होम फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मग उघडा. पेन ड्राईव्ह फॅट फॉरमॅटचा असतो, त्यावर लिनक्सच्या लिंका आणि परवानग्या टिकत नाहीत, मग मेक करताना (सोर्सपासून ड्रायव्हर बनवताना) भलतेच एरर येतात आणि माणूस ड्रायव्हरला शिव्या घालत बसतो.

पुस्तकपाखरू | १४ जून, सकाळी ११:५५

मेक करायचं म्हणजे जीसीसी कंपायलर लागणार ना? ते घ्यायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी मॉडेम लागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही अशी गत आहे.

अंजनवेल | १४ जून, दुपारी १२:०२

नाही हो, त्यावर उपाय आहे. उबुंटूच्या सीडीतच थोडी पॅकेजं असतात. सीडी टाका, सुडो ॲप्ट-सीडीरॉम ॲड चालवा, मग नेहमीसारखं ॲप्ट-गेटने बिल्ड-इसेन्शियल (यात जीसीसी आणि मेक दोन्ही येतं) इन्स्टॉल करून बघा, सीडीवर असेल तर तिथूनच उचलेल. नाही मिळालं तर दुसरा मार्ग: घरच्या मशीनवर सिनॅप्टिकमध्ये पॅकेज मार्क करायचं आणि फाइल मेनूतून 'जनरेट पॅकेज डाउनलोड स्क्रिप्ट' करायचं. त्या स्क्रिप्टमध्ये लागणाऱ्या सगळ्या डेब फाइलींचे पत्ते येतात, अवलंबून असलेल्या धरून, ते सायबरमधून उतरवायचे.

आणि कर्नलचे हेडर, म्हणजे ड्रायव्हर बनवताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली. लिब फोल्डरात मॉड्यूल्स, त्यात तुमच्या कर्नलच्या नावाचा फोल्डर (नाव यूनेम डॅश आर सांगेल), त्यात 'बिल्ड' नावाची लिंक आहे का आणि ती उघडते का ते बघा. उघडली तर हेडर आहेत. नसतील तर त्याच नावाचे, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत तेच हेडर पाहिजेत, जवळपासचे चालत नाहीत.

मुंगूस | १४ जून, रात्री ९:३०

एक गोष्ट मनात आली ती लिहितोच. मार्शियनच्या पोटात ल्यूसेंटची बंद बायनरी फाइल आहे, तिचा सोर्स कंपनीबाहेर कोणाकडेच नाही. वाचनालयाने चोरीचं सॉफ्टवेअर नको म्हणून लिनक्स घेतलं आणि शेवटी अशा फाइलवर येऊन थांबायचं हे मला बरोबर वाटत नाही. उद्या कर्नल बदलला आणि ती फाइल चालेनाशी झाली तर दुरुस्त करणारं कोणी नाही.

टक्स_सातारकर | १४ जून, रात्री १०:१५

मुंगूस, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि म्हणूनच जुन्या एलटीमॉडेमपेक्षा मार्शियन मला बरा वाटतो. एलटीमॉडेममध्ये ती बंद फाइल थेट कर्नलमध्ये घुसायची, काही बिनसलं तर अख्खं मशीन लटकायचं. मार्शियनमध्ये कर्नलच्या आत फक्त छोटं मॉड्यूल आहे, मार्शियन_डेव्ह, त्याचा सोर्स खुला आहे, आणि बंद फाइल बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखी चालते. कर्नल बदलला तर खुल्या भागात दुरुस्ती करता येते, बंद भागाला कर्नलशी काही देणंघेणं नाही. शिवाय ती फाइल चोरीची नाही, कंपनीनेच वाटायला दिलेली आहे. गावात पोरांना निकाल दिसणं आणि तत्त्व शंभर टक्के पाळणं यात आज एकच शक्य असेल तर मी पोरांच्या बाजूने आहे.

मुंगूस | १४ जून, रात्री १०:४०

कर्नलबाहेर चालते हे माहीत नव्हतं, मग हरकत बरीच कमी झाली. तरी कमिटीला सांगून ठेवा की पुढे पैसे आले तर पहिली खरेदी सिरियल मॉडेमची करायची.

पुस्तकपाखरू | शनिवार, २१ जून, सकाळी १०:५०

चांगली बातमी. बिल्ड-इसेन्शियल सीडीवरूनच मिळालं, हेडर आधीच होते. होम फोल्डरात उघडून मेक ऑल, मग सुडो मेक इन्स्टॉल, मग मॉड्यूल चढवायला मॉडप्रोब मार्शियन_डेव्ह आणि शेवटी सुडो लावून मार्शियन_मॉडेम चालवलं, आणि डेव्ह फोल्डरात टीटीवायएसएम० नावाचं यंत्र आलं! पण डब्ल्यूव्हीडायलकॉन्फला अजूनही मॉडेम सापडत नाही. मग डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फ फाइलमध्ये हाताने मॉडेमचं नाव टाकलं तर आता 'नो डायलटोन' म्हणतं. फोन उचलून ऐकला तर टोन व्यवस्थित आहे. वायर बदलून पाहिली, तेच.

अंजनवेल | २१ जून, सकाळी ११:०४

थांबा सायबरमध्येच, हे दहा मिनिटांचं काम आहे. डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ फक्त खरे सिरियल पोर्ट तपासतं, तुमचं टीटीवायएसएम० हे ड्रायव्हरने बनवलेलं खोटं टर्मिनल आहे, त्यामुळे ते त्याला कधीच सापडणार नाही, हाताने लिहिलंत ते बरोबर केलंत.

डायलटोनचं कारण असं की हे मॉडेम अमेरिकेच्या डायलटोनसाठी सेट होऊन आलेले असतात, तिकडचा टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ एकत्र असा असतो, आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने घुमणारा. आपल्या कानाला दोन्ही टोनच, पण मॉडेमला आपला ओळखता येत नाही. त्याला सांगायचं की टोनची वाट न बघता सरळ डायल कर, ती कमांड एटीएक्स३. कॉन्फ फाइल साधारण अशी करा, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजीतच टाका, आणि यंत्राच्या नावात एस आणि एम कॅपिटल:

मॉडेम = /डेव्ह/टीटीवायएसएम०
बॉड = ११५२००
इनिट१ = एटीझेड
इनिट२ = एटीएक्स३
डायल कमांड = एटीडीटी
कॅरियर चेक = नो
स्टुपिड मोड = १
फोन, युजरनेम, पासवर्ड = कनेक्शनच्या कागदावर जे असेल ते

कॅरियर चेक नो नसेल तर लागलेली लाईन डब्ल्यूव्हीडायल स्वतःच तोडतं, कारण खोट्या टर्मिनलवर कॅरियरचा सिग्नल दिसत नाही. आणि स्टुपिड मोड म्हणजे समोरच्या सर्व्हरच्या लॉगिन प्रश्नाची वाट न बघता पीपीपी (फोन लाईनवरून इंटरनेट जोडणारा प्रोटोकॉल) लगेच सुरू कर. आपल्याकडच्या बहुतेक सर्व्हरांना तेच लागतं.

निवांत_पाटील | २१ जून, सकाळी ११:१५

सुडो लावूनच चालवा पहिल्यांदा. नाहीतर 'पॅप-सिक्रेट्स (पासवर्ड ठेवायची) फाइल बदलता आली नाही' अशा अर्थाची वॉर्निंग येते, तिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि मग पासवर्ड बरोबर असून पीपीपी १९ नंबरच्या कोडने मरतं. १९ म्हणजे आपली ओळख पटली नाही. १६ आला तर लाईन तुटली समजा.

पुस्तकपाखरू | २१ जून, सकाळी ११:३०

सगळं कागदावर उतरवलं, प्रिंटही काढली. निघतो, एसटी चुकेल.

पुस्तकपाखरू | २१ जून, रात्री ८:४५

मंडळी, हे वाचनालयातून लिहितोय! नेटवर जायला लागलो तेव्हा आम्ही पाचसहा जण मशीनभोवती उभे होतो. एटीएक्स३ ने पहिल्या फटक्यात डायल झालं, किरकिर झाली, 'कनेक्ट ११५२००' आलं, आयपी पत्ता मिळाला, पण फायरफॉक्स काही उघडेना. त्याचं कारण इथेच सापडलं, दुसऱ्या मशीनसाठी लॅन कार्डाला हाताने पत्ता देताना गेटवेही भरलेला होता आणि लॉगमध्ये ओळ होती की आधीचा डिफॉल्ट रूट (नेटवर जायचा ठरलेला रस्ता) बदलत नाहीये. सुडो रूट डेल डिफॉल्ट करून परत डायल केलं आणि पान उघडलं. सातारकर, अंजनवेल, निवांतराव, मुंगूस, तुम्हा सगळ्यांचे वाचनालयातर्फे मनापासून आभार, हे माझ्या एकट्याच्याने झालं नसतं. आता एक शंका, ११५२०० म्हणजे ५६के मॉडेमला दुप्पट स्पीड कसा?

टक्स_सातारकर | २१ जून, रात्री ९:१०

वा! फार बरं वाटलं वाचून. लॅन कार्डाच्या सेटिंगमधला गेटवे कायमचा काढून टाका, मग दर वेळी रूट काढावा लागणार नाही.

११५२०० हा कॉम्प्युटर आणि मॉडेममधला स्पीड, फोन लाईनवरचा नाही. इनिटमध्ये डब्ल्यू२ घातलंत तर मॉडेम लाईनवरचा खरा आकडा सांगेल. तो बघून वाईट वाटून घेऊ नका, व्ही.९० या ५६के मॉडेमच्या स्टँडर्डमध्ये ५६के हा कागदावरचा आकडा आणि तोही फक्त उतरवताना, पाठवताना जास्तीत जास्त ३३.६.

अटलांटिकपार | २२ जून, सकाळी ६:२०

अमेरिकेत तर कायद्याने लाईनवरची पॉवर मर्यादित असल्यामुळे ५३.३ च्या वर कोणाचंच जात नाही, मी इथे न्यू जर्सीत डायल-अप वापरायचो तेव्हा ४५-४८ मिळालं की खूश. बाकी धागा वाचून खूप आनंद झाला, माझं आजोळ सावंतवाडीजवळचं.

पुस्तकपाखरू | गुरुवार, २६ जून, सायंकाळी ६:०५

डब्ल्यू२ घातलं. कधी ४४०००, कधी ४१३३३. पण पाऊस लागल्यापासून चार-पाच मिनिटांत लाईन तुटते, परत डायल करावं लागतं आणि प्रत्येक वेळी कॉलचे पैसे जातात. फोनवर बोलताना थोडी खरखर आहे पण बोलणं कळतं.

टक्स_सातारकर | २६ जून, सायंकाळी ७:२०

हे आता ड्रायव्हरचं नाही, तांब्याचं दुखणं आहे. बोलण्यापुरती चालणारी लाईन व्ही.९० ला पुरत नाही. व्ही.९० चालतं तेच मुळी या गृहीतावर की एक्स्चेंजपासून सर्व्हरपर्यंत सगळं डिजिटल आहे आणि फक्त तुमच्या घरापर्यंतचा तुकडा ॲनालॉग आहे, त्या तुकड्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की मॉडेम वरचा स्पीड पकडतो आणि मग टिकवू शकत नाही, परत परत जुळवून घेतो आणि शेवटी सोडून देतो. त्याला आधीच खालचा स्पीड पकडायला लावा. तुमच्या ल्यूसेंट चिपला एटी, डॅश, व्ही९०=० अशी कमांड आहे, ती इनिट३ मध्ये टाका. मग तो व्ही.३४ या जुन्या, हळू स्टँडर्डवर जोडेल, २८८०० किंवा ३१२०० दिसेल, आकडा लहान वाटेल पण लाईन टिकेल आणि तुमचं काम एकंदरीत लवकरच होईल.

मग वायरिंग बघा. मॉडेमची वायर पॅरलल फोनवरून न काढता लाईन जिथून घरात येते त्या पहिल्या डबीवरून काढा. खांबावरच्या डीपी बॉक्समधले (जिथून घरोघरच्या फोनच्या वायरी फुटतात) जॉइंट हिरवे पडलेत का ते लाईनमनला दाखवा, नवे करून दिले तर अर्धी खरखर जाते. कॉल वेटिंग चालू असेल तर बंद करा, मधेच बीप आला की कनेक्शन गेलंच.

अंजनवेल | २६ जून, रात्री ८:००

आणि कोकणात असाल तर वीज कडाडताना मॉडेमची पिन काढून ठेवायचीच. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, वीज फोनच्या वायरीतून येते आणि मॉडेमबरोबर मदरबोर्डही घेऊन जाते. आमच्या गुहागरकडे एका वळवात गल्लीतल्या तीन मशीनचे मॉडेम गेले.

खानदेशी_बाण्या | २७ जून, दुपारी १:१५

मधेच घुसतोय, माफी असावी. माझ्या लॅपटॉपमध्ये कोनेक्झंट कंपनीचा एचएसएफ मॉडेम आहे. मार्शियन चालेल का?

टक्स_सातारकर | २७ जून, दुपारी २:३०

नाही भाऊ, मार्शियन फक्त ल्यूसेंटच्या मार्स चिपला. एचएसएफसाठी लिनक्सअंट कंपनीचा एचएसएफमॉडेम ड्रायव्हर आहे, फुकट आवृत्ती १४.४ केबीपीएसवरच चालते, पूर्ण स्पीड हवा तर लायसन विकत घ्यावं लागतं. चिप खरंच कोनेक्झंट आहे का ते मात्र नक्की करा, लॅपटॉपात बऱ्याचदा मॉडेम साउंड कार्डाच्याच बसवर बसलेला असतो आणि एलएसपीसीआयमध्ये नुसता ऑडिओ कंट्रोलर दिसतो. तसं असेल तर स्कॅनमॉडेम नावाची छोटी स्क्रिप्ट मिळते ती चालवा, ती आतला कोडेक कुठला ते सांगते. स्मार्टलिंक किंवा एसआय३०५४ निघाला तर एसएलमॉडेमडी ड्रायव्हर चालेल, अल्सामार्फत (लिनक्सची आवाजाची यंत्रणा), आणि तो फुकट आणि पूर्ण स्पीडचा. स्कॅनमॉडेमच्या निकालाची फाइल इथे टाका, बघू.

पुस्तकपाखरू | शनिवार, २८ जून, सायंकाळी ७:१०

व्ही९०=० टाकल्यापासून २८८०० वर जोडतंय आणि काल पाऊण तास सलग लाईन टिकली, बाहेर धो धो पाऊस असताना. लाईनमन मंगळवारी जॉइंट बघायला येतोय. दुसऱ्या मशीनलाही यातूनच नेट द्यायचंय. आणि अपडेट मॅनेजर नवा कर्नल घ्या म्हणतोय, घेऊ?

अंजनवेल | २८ जून, रात्री ८:२५

दुसऱ्या मशीनसाठी आयपी फॉरवर्डिंग १ करा आणि आयपीटेबल्समध्ये नॅट टेबलला पीपीपी० वर मास्करेडचा नियम टाका (म्हणजे दुसऱ्या मशीनची मागणी या मशीनच्या पत्त्यावरून बाहेर जाईल), तिकडच्या मशीनवर गेटवे म्हणून या मशीनचा पत्ता द्या आणि डीएनएस इकडच्या रिझॉल्व्ह.कॉन्फमधला. कर्नल घ्या, पण त्याच वेळी त्याचे हेडरही घ्या, आणि मार्शियनचा फोल्डर पुसू नका. नवा कर्नल चालू झाला की त्याच फोल्डरात मेक क्लीन, मेक ऑल, सुडो मेक इन्स्टॉल परत करायचं. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात मात्र अपडेटला हात लावू नका, आणि जुना कर्नल ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या) यादीत राहू द्या, काही अडलं तर त्यातून बूट करून नेटवर येता येईल.